औषधासाठी जनुकीय चाचणी: पहिल्यांदा करून घेताना

अँजिओप्लास्टी करून घरी परतलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ॲस्पिरिनच्या जोडीने बहुधा क्लोपिडोग्रेल हे नाव असते. घरात तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात आणि ती एक दिवसही चुकवायची नाही, हे सर्वांना पक्के सांगितलेले असते. फारसे सांगितले जात नाही ते हे, की ही गोळी पोटात जाते तेव्हा तिच्यात स्वतःची ताकद नसते. गिळलेल्या औषधापैकी सुमारे ८५ टक्के भाग शरीर परस्पर निकामी करून टाकते. उरलेल्या भागावर यकृतातील विकरे, म्हणजे एन्झाइम, दोन टप्प्यांत काम करतात आणि मगच प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणारा खरा घटक तयार होतो. या कामात सीवायपी२सी१९ नावाच्या विकराचा वाटा मोठा आहे. ज्यांच्या शरीरात हे विकर जन्मतःच निष्क्रिय किंवा कमकुवत असते, त्यांनी गोळी वेळेवर घेतली तरी स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला, तो याच कारणासाठी.

हा विषय आपल्यासाठी दूरचा नाही. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. विकर निष्क्रिय करणारा सर्वाधिक आढळणारा बदल ‘*२’ या खुणेने ओळखला जातो. युरोपीय वंशाच्या लोकांत दर शंभर प्रतींमागे साधारण १५ प्रतींत तो सापडतो, तर भारतीयांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या जवळपास आहे. याचा अर्थ असा, की आपल्याकडे निम्म्याहून थोड्या अधिक लोकांकडे अशी निदान एक प्रत असते आणि साधारण दहांतील एकाकडे दोन्ही प्रती निष्क्रिय असतात.

जनुकांतील अशा फरकांमुळे औषधाचा परिणाम माणसागणिक कसा बदलतो, याचा अभ्यास म्हणजे फार्माकोजेनॉमिक्स. यातील ‘फार्माकोजेनेटिक्स’ हा मूळ शब्द जर्मन जनुकशास्त्रज्ञ फ्रीडरिख फोगेल यांनी १९५९ मध्ये वापरात आणला. व्यक्तीनुरूप उपचार, म्हणजे पर्सनलाइज्ड मेडिसिन, या नावाखाली आज बरेच काही सांगितले जाते. त्यातला सामान्य रुग्णाच्या आजच उपयोगी पडेल असा भाग मुख्यतः हाच आहे. पुढील मार्गदर्शन ज्यांनी अशी चाचणी कधी केलेली नाही त्यांच्यासाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे.

पहिली पायरी: आधी औषध, मग जनुक

‘माझे जनुक तपासून मला कोणती औषधे चालतात ते सांगा’ अशा प्रश्नाने सुरुवात केली, तर हाती पन्नास पानांचा अहवाल येतो आणि त्यातले कोणते पान आपल्या कामाचे, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रश्न औषधापासून सुरू करावा: कोणते औषध सुरू होणार आहे, किंवा कोणत्या औषधाने त्रास झाला आहे अथवा अपेक्षित गुण आलेला नाही? त्या औषधासाठी जनुकीय माहितीचा उपयोग सिद्ध झाला असेल, तरच चाचणीला अर्थ आहे. अमेरिकेतून २००९ मध्ये सुरू झालेला सीपिक हा तज्ज्ञगट आणि नेदरलँड्समधील फार्मासिस्टांच्या संघटनेचा कार्यगट हे दोघे औषध व जनुक यांच्या जोड्यांवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध करतात, आणि त्या कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

आपल्याकडील रुग्णांना वारंवार भेटणाऱ्या काही जोड्या सांगण्याजोग्या आहेत. कार्बामाझेपिन हे फिट येण्याच्या आजारात आणि चेहऱ्याच्या एका बाजूला विजेसारखी कळ येणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियात दिले जाते. एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना या औषधाने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होण्याचा धोका खूप वाढतो. त्यात अंगावर व तोंडात फोड येऊन कातडी सोलवटते, आणि हा विकार जिवावर बेतू शकतो. तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये हा संबंध दाखवला आणि सिंगापूरने २०१३ मध्ये, हा प्रकार अधिक आढळणाऱ्या आशियाई वंशाच्या रुग्णांत कार्बामाझेपिन नव्याने सुरू करण्यापूर्वीची चाचणी उपचाराचा नेहमीचा भाग केली. भारतीयांत हा प्रकार चिनी वंशाच्या लोकांपेक्षा कमी आढळतो, पण आढळतो. एक दिलासा मात्र आहे: ही प्रतिक्रिया बहुतेक वेळा औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच येते. जो रुग्ण वर्षानुवर्षे ही गोळी विनातक्रार घेत आहे, त्याने हे वाचून घाबरून ती बंद करू नये. अचानक गोळी बंद केल्याने येणारी फिट हा त्याच्यासाठी अधिक खरा धोका आहे.

ॲझाथायोप्रिन हे ल्यूपस, आतड्यांचे दाहविकार, मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि त्वचेचे काही आजार यांत वापरले जाते; त्याच कुळातील ६-मर्कॅप्टोप्युरिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात लागते. या दोन्हींसाठी टीपीएमटी हे जनुक फार पूर्वीपासून तपासले जाते. परंतु आशियाई लोकांत त्याच्याइतकेच, किंबहुना त्याहून महत्त्वाचे ठरणारे एनयूडीटी१५ हे जनुक २०१४ मध्ये कोरियातील संशोधनातून पुढे आले. ते सदोष असल्यास नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात आणि पुष्कळदा केस पुंजक्यांनी गळतात. केवळ टीपीएमटी तपासून ‘सर्व ठीक’ म्हणणारा अहवाल भारतीय रुग्णासाठी अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर्करोगावरील ५-फ्लुरोयुरासिल आणि तिचेच गोळीरूप असलेली कॅपेसिटाबिन यांच्यासाठी ही औषधे निकामी करणाऱ्या विकराच्या डीपीवायडी जनुकाची तपासणी करण्याची शिफारस युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये केली. वॉर्फरिन, स्टॅटिन आणि नैराश्यावरील काही गोळ्या यांच्याही जोड्या आहेत. त्यांची माहिती आपल्या डॉक्टरांकडून घ्यावी.

एक गोष्ट येथेच वेगळी करावी लागेल. कर्करोगाच्या गाठीचा तुकडा तपासून ‘ईजीएफआर’ वगैरे बदल शोधले जातात, ती चाचणी वेगळी. ती गाठीत नंतर झालेले बदल दाखवते; आपण येथे जन्मतः मिळालेल्या जनुकांबद्दल बोलत आहोत. दोन्हींना रुग्णालयात ‘जीन टेस्ट’च म्हणतात, त्यामुळे कागदावर नेमके काय लिहिले आहे ते विचारून घ्यावे.

दुसरी पायरी: दोन याद्या

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी बसून दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत सध्या चालू असलेले प्रत्येक औषध मात्रेसह लिहावे. आम्लपित्ताची गोळी, बुरशीवरचे औषध, आयुर्वेदिक काढे, दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, काहीही वगळू नये. त्याचे कारण पुढे अहवाल वाचताना येईलच. दुसऱ्या यादीत स्वतःला व सख्ख्या नात्यातील माणसांना कोणत्या औषधाने काय झाले होते ते लिहावे: ‘आत्याला फिटच्या गोळीने अंगभर फोड आले होते’, ‘भावाला हिवतापाच्या गोळ्यांनंतर लघवी काळसर झाली आणि डोळे पिवळे झाले’, ‘आईला शस्त्रक्रियेनंतर श्वास घ्यायला तासन्‌तास यंत्र लागले’. अशी एखादी ओळ डॉक्टरांना जे सुचवते, ते कधी कधी अनेक जनुके एकदम तपासणाऱ्या महागड्या पॅनेलमधूनही सुचत नाही.

शेवटच्या दोन उदाहरणांत जनुक तपासण्याचीही बहुधा गरज पडत नाही, कारण विकराची पातळी रक्तात सरळ मोजता येते. व्हायवॅक्स हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून आपल्याकडे प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्या औषधाने फुटतात. १९५६ मध्ये याच औषधाच्या अभ्यासातून ही कमतरता उलगडली. भारतात आढळणाऱ्या तिच्या एका प्रकाराचे नावच ‘केरळ-कल्याण’ आहे आणि त्यातले कल्याण म्हणजे आपले ठाणे जिल्ह्यातील कल्याण. पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेने अधिक आढळते. रक्तातील पातळी मोजताना एवढे लक्षात ठेवावे, की तांबड्या पेशी नुकत्याच फुटल्या असतील किंवा रक्त चढवले असेल तर ती खोटी चांगली दिसू शकते. अशा वेळी काही आठवड्यांनी पुन्हा मोजावी लागते.

भुलीच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सक्सिनिलकोलिन या औषधाचेही तसेच आहे. ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे विकर कमी असल्यास काही मिनिटांत उतरणारा परिणाम तासांवर जातो आणि तोपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वास द्यावा लागतो. आर्य वैश्य समाजात या विकराची जन्मजात कमतरता अधिक प्रमाणात आढळल्याचे अभ्यासांत नोंदले आहे. म्हणून समाजाचा किंवा कुटुंबाचा असा इतिहास भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियेआधी आपणहून सांगावा. त्यात संकोच करण्याचे काही कारण नाही.

तिसरी पायरी: चाचणी आणि प्रयोगशाळा निवडणे

एकाच औषधाचा प्रश्न असेल तर एका जनुकाची चाचणी पुरते. वय झालेल्या, अनेक आजारांची अनेक औषधे घेणाऱ्या माणसासाठी अनेक जनुकांचे पॅनेल उपयोगी पडू शकते. युरोपातील सात देशांत ६,९४४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १२ जनुकांचे पॅनेल पाहून औषधे ठरवलेल्या गटात लक्षणीय दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. मात्र या अभ्यासात घेतलेले रुग्ण जनुकाशी संबंध असलेले एखादे औषध तेव्हा नव्याने सुरू करणारे होते. निरोगी माणसाने सहज हौस म्हणून केलेल्या चाचणीबद्दल तो काही सांगत नाही.

प्रयोगशाळेला चार गोष्टी विचाराव्यात. आयएसओ १५१८९ या निकषांनुसार एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि ती याच चाचणीसाठी आहे का? कोणती जनुके आणि त्यांतले नेमके कोणते बदल तपासले जातात? अहवाल समजावून सांगायला डॉक्टर किंवा जनुकीय समुपदेशक उपलब्ध आहेत का? आणि आपला नमुना व माहिती पुढे कोणाकडे जाते, किती काळ ठेवली जाते? दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ पॅनेल पाश्चात्त्य लोकसंख्येतील बदल डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली आहेत. डीपीवायडीचे नेहमी तपासले जाणारे चार बदल प्रामुख्याने युरोपीय लोकांतील अभ्यासांतून निश्चित झाले आहेत, त्यामुळे भारतीय रुग्णात ते न सापडल्यास धोका नाहीच असे म्हणता येत नाही. ही उणीव भरून काढायची तर आपल्याच लोकांची जनुकीय माहिती हवी. दिल्लीतील आयजीआयबी या संस्थेच्या पुढाकाराने इंडिजेन प्रकल्पात १,०२९ भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच २०१९ मध्ये वाचले गेले; त्यानंतर दहा हजार व्यक्तींच्या जीनोम इंडिया प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली.

खर्च एका जनुकासाठी साधारणपणे काही हजार रुपयांच्या घरात जातो, पॅनेलसाठी त्याहून बराच अधिक. तो आधी विचारून घ्यावा आणि विमा कंपनी देईल असे गृहीत धरू नये. जाहिरात पाहून, डॉक्टरांना न विचारता, नैराश्याची किंवा अन्य गोळी जनुक पाहून निवडून देण्याचा दावा करणाऱ्या संचावर पैसे घालू नयेत. अशा दाव्यांपैकी अनेकांना पुरेसा आधार नाही, असा इशारा अमेरिकेच्या नियामकाने २०१८ मध्येच दिला आहे.

चौथी पायरी: नमुना देणे

हा भाग सोपा आहे. दोन-तीन मिलिलिटर रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात किंवा गालाच्या आतून फाया फिरवतात. फायाचा नमुना द्यायचा असेल तर आधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. उपाशीपोटी जाण्याची किंवा चालू औषध थांबवण्याची गरज नसते, कारण जनुक औषधाने बदलत नाही. ज्यांचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आहे त्यांनी मात्र ते ठळकपणे सांगावे: त्यांच्या रक्तात दात्याचे जनुक दिसेल, यकृतात मात्र स्वतःचेच असेल. यकृत प्रत्यारोपण झालेल्यांत नेमके याच्या उलट होते.

पाचवी पायरी: अहवाल वाचणे

अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. त्यात प्रथम ‘सीवायपी२सी१९ *१/*२’ अशी खूण असते, म्हणजे आई-वडिलांकडून आलेल्या दोन प्रती. त्यापुढे तिचा अर्थ लिहिलेला असतो: पुअर, इंटरमीजिएट, नॉर्मल, रॅपिड किंवा अल्ट्रारॅपिड मेटाबोलायझर. मराठीत त्यांना मंद, मध्यम, सामान्य, जलद व अतिजलद म्हणता येईल. ‘*१’ म्हणजे निर्दोष प्रत असे समजले जाते, पण तिचा काटेकोर अर्थ एवढाच, की जे बदल तपासले त्यांपैकी एकही सापडला नाही.

नवख्या वाचकाची सर्वांत मोठी चूक यापुढे होते. ‘मंद’ हा शब्द वाचून तो समजतो, की आपल्याला सगळीच औषधे कमी मात्रेत लागतील. तसे नसते. विकर जर औषधाला निकामी करून बाहेर काढण्याचे काम करत असेल, तर विकर मंद असल्यावर औषध शरीरात साचते व त्याचे दुष्परिणाम वाढतात. विकर जर निष्क्रिय औषधाला जागे करण्याचे काम करत असेल, तर मंद विकरामुळे औषध कामच करत नाही. सीवायपी२सी१९ मंद असलेल्या एकाच माणसात क्लोपिडोग्रेल अपुरे पडते आणि नैराश्यावरील एस्सिटालोप्रॅम साचते. त्याच माणसाला आम्लपित्तावरील ओमेप्राझोलचा गुण मात्र इतरांपेक्षा चांगला येतो. मंद किंवा जलद हे विकराचे वर्णन आहे. त्या माणसाचे काय करायचे, हे औषधागणिक वेगळे ठरते. कोडीनचेही असेच आहे. सीवायपी२डी६ हे विकर कोडीनचे मॉर्फिन करते. ते अतिजलद असलेल्या मुलांत टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या कोडीनने श्वास मंदावून मृत्यू झाल्यावर अमेरिकेने २०१३ मध्ये त्या वापराला मनाई केली.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबतची औषधे. जनुक सामान्य असले तरी ओमेप्राझोल, फ्लुकोनॅझोल यांसारखी औषधे सीवायपी२सी१९ दाबून ठेवतात, तर पॅरॉक्सेटिन व फ्लुओक्सेटिन सीवायपी२डी६ला दाबतात. अशा वेळी कागदावर ‘सामान्य’ असलेला माणूस प्रत्यक्षात मंदासारखा वागतो. म्हणूनच पहिली यादी अहवालासोबत ठेवायची असते. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याला आम्लपित्ताची गोळी लागलीच, तर पुष्कळ डॉक्टर पॅन्टोप्राझोल निवडतात, त्यामागे हेच कारण आहे.

एचएलएचा अहवाल वाचायला सोपा असतो: जनुकप्रकार आहे किंवा नाही. आहे म्हणजे ते औषध टाळावे. नाही म्हणजे धोका पुष्कळ घटला, संपला नाही; अंगावर पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जळजळ असे काही झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सहावी पायरी: निर्णय

अहवाल पाहून रुग्णाने स्वतः गोळी बंद करू नये किंवा मात्रा बदलू नये. स्टेंट बसल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात क्लोपिडोग्रेल मध्येच थांबवणे हे ‘मंद’ असूनही ते घेत राहण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. डॉक्टरांपुढे अहवाल ठेवून विचारावे: माझ्यासाठी प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर योग्य आहे का? या दोन्हींना सीवायपी२सी१९ची तशी गरज लागत नाही. पण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, पूर्वी पक्षाघात झालेल्यांना प्रासुग्रेल देत नाहीत, आणि टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावे लागते व काहींना त्याने दम लागतो.

पुराव्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. चाचणीनुसार औषध बदलल्याने हृदयविकाराच्या घटना कमी होतात का, हे पाहणाऱ्या २०२०च्या एका मोठ्या अभ्यासात गुण दिसला, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा उतरला नाही. उलट २०१९च्या नेदरलँड्समधील अभ्यासाने दाखवले, की ज्यांचे विकर चांगले आहे त्यांना प्रासुग्रेल-टिकाग्रेलॉरसारख्या प्रबळ औषधावरून क्लोपिडोग्रेलवर आणता येते, त्याने गुठळीपासूनचे संरक्षण कमी होत नाही आणि रक्तस्राव कमी होतो. सौम्य पक्षाघाताच्या रुग्णांवरील २०२१च्या चीनमधील अभ्यासात सदोष प्रत असलेल्यांना टिकाग्रेलॉरचा थोडा अधिक लाभ झाला. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२४ मध्ये पक्षाघातानंतर क्लोपिडोग्रेल देताना ही चाचणी करण्याची शिफारस केली. हृदयाच्या तातडीच्या अँजिओप्लास्टीत अहवालाची वाट पाहत बसायला वेळ नसतो. तेथे आधी प्रबळ औषध सुरू करून, अहवाल आल्यावर, विकर चांगले असल्यास स्वस्त क्लोपिडोग्रेलवर येणे हा मार्ग मला आपल्याकडील परिस्थितीत सर्वांत समंजस वाटतो, कारण येथे महिन्याच्या औषधखर्चाचाही विचार करावाच लागतो.

औषधाने गंभीर त्रास झालाच, तर डॉक्टरांकरवी किंवा स्वतः तो देशाच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे कळवावा. त्यासाठीचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे.

शेवटची पायरी: अहवाल जपणे

रक्तातील साखरेचा अहवाल तीन महिन्यांत जुना होतो. हा अहवाल जन्मभर चालतो, आणि बहुतेक घरांत तो याच कारणाने हरवतो, कारण त्या वेळचे काम झाल्यावर कोणी पुन्हा पाहत नाही. त्याची एक प्रत केस पेपरच्या फाइलमध्ये ठेवावी, एक मोबाइलमध्ये, आणि आभा हे सरकारी डिजिटल आरोग्य खाते असल्यास तेथेही जोडावी. याशिवाय पाकिटात मावेल असे एक लहान कार्ड करावे. त्यावर जनुकाचे नाव, दोन प्रतींची खूण, तपासणीचे वर्ष, प्रयोगशाळा आणि टाळायच्या औषधांची रासायनिक नावे लिहावीत. व्यापारी नावे नकोत, कारण तेच औषध दुसऱ्या नावाने हातात पडते. हे कार्ड प्रत्येक नव्या डॉक्टरांना, भूलतज्ज्ञांना आणि औषध दुकानातील फार्मासिस्टला दाखवावे. सख्ख्या भावंडात दोन्ही प्रती अगदी तशाच असण्याची शक्यता निदान चारात एक असते, त्यामुळे कार्ड तयार झाल्यावर त्याचा फोटो भावंडांनाही पाठवावा आणि तेच औषध त्यांना लागण्याची वेळ आली, तर आधी स्वतःची तपासणी करून घ्यायला सांगावे.